हरळीला पाणी

आमच्या घरात हरळीचं नाव शिवीसारखं घेतलं जायचं. ज्यांनी काळ्या रानात कधी खुरपं धरलं नाही त्यांना हे कळायचं नाही, म्हणून सांगते. हरळी म्हणजे ते बारीक पानांचं, जमिनीला धरून पसरणारं गवत. गणपतीला दुर्वा वाहतात तेच. देवाला वाहायला ठीक आहे, पण शेतात शिरलं की ज्वारी गेली आणि कापूसही गेला. वरून उपटावं तर खालून फुटतं. मुळीचं एक पेर मातीत राहिलं तरी पुढच्या पावसाळ्याला पुन्हा हजर. माझा बा उन्हाळाभर कुदळीने हरळी खणायचा आणि माय मागून वेचत जायची. बा कुणावर फारच चिडला तर म्हणायचा, "हरळी हाय नुसती, हरळी." याच्या पुढची शिवी त्याच्याजवळ नव्हती.

आमचं गाव नरसीच्या अलीकडं, कयाधूपासून जरा आत. निजामाचं राज्य अजून चालू होतं. घरात बा, माय, मी आणि माझा धाकटा भाऊ. आमच्या दोघांच्या मधे आणखी एक भाऊ होता. तो मोटेच्या विहिरीत पडून गेला. त्या दिवशी माय विहिरीकडं पाठ करून हरळी खुरपत होती. मागं वळून बघितलं तर पोरगं नव्हतं. एवढंच तिने आम्हाला सांगितलं, आणि तेही एकदाच.

त्यानंतर धाकटा झाला, आणि मायने त्याला बांधून ठेवला. आता कुणी म्हणेल, ही कसली आई. म्हणू द्या. तेव्हा सगळ्याच बाया लेकरू बांधून कामं करायच्या. जुन्या लुगड्याचा काठ फाडायचा, एक टोक लेकराच्या कमरेला आणि दुसरं बाजेच्या पायाला. शेतात गेलं की बाभळीला. दोन हात रिकामे केल्याशिवाय काम कसं व्हायचं? पण लेकरू पाय टाकायला लागलं की तो काठ सोडतात. मायने सोडला नाही. धाकट्याला तिसरं सरून चौथं लागलं तरी त्याच्या कमरेला तो तांबडा काठ होताच.

पहाटे माय जात्यावर बसायची तेव्हा धाकटा खांबाला बांधलेला असायचा. मी गोधडीत पडून जात्याची घरघर ऐकत राहायची. पोरगं जरा कुठं धडपडलं की जातं थांबायचं. माय उठायची, पोराला चाचपायची, गाठ बघायची, परत बसायची. मग घरघर पुन्हा सुरू. एवढंसं पीठ दळायला तिला किती वेळ लागायचा ते मला विचारा.

बांधून बांधून पोराचे पाय काटकुळे राहिले. थोडं चाललं की मटकन खाली बसायचं. हे लेकरू पांगळं निघणार, असं बाया पाणवठ्यावर बोलायला लागल्या. बा आणि माय यांची यावरून रोज जुंपायची.

"सोड त्याला. पाय वाळून चाललेत पोराचे."

"सोडते की. ती हीर बुजवा आधी, मंग सोडते."

यावर बा उठून बैलांना वैरण टाकायला जायचा. विहीर बुजवून खायचं काय, हे त्याला माहीत होतं आणि तिलाही माहीत होतं.

शेवटी दिवाळी झाल्यावर, कापसाची पहिली वेचणी घरात आल्यावर, बाने गाडी जुंपली. पोराला हिंगोलीच्या दवाखान्यात दाखवायचं ठरलं. मला न्यायचं नव्हतं, पण मी गाडीच्या साटीवर आधीच जाऊन बसले होते आणि मला उतरवायला कुणाला वेळ नव्हता. दिवस उगवायच्या आत आम्ही निघालो. धाकटा मायच्या मांडीवर, काठाचं एक टोक त्याच्या कमरेला, दुसरं मायच्या मनगटाला. कयाधूच्या पात्रातून गाडी उतरली तेव्हा पाणी चाकाच्या आसालाही लागत नव्हतं, पण मायने ते टोक मनगटाला आणखी एक वेढा दिला. तिने डोळेही मिटून घेतले होते.

दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी पोराला टेबलावर उताणं घातलं. गुडघे दाबले, पाय वाकवले, तळव्याला गुदगुल्या केल्या. पोरगं हसायला लागलं. साहेब कंपाउंडरला उर्दूत काही बोलले आणि कंपाउंडरने आम्हाला सांगितलं, "पायात कसली खोट न्हाई. साहेब म्हणून राहिले, पोराला पळू द्या."

बाने मायकडं असं बघितलं की तिच्या जागी मी असते तर मेलेच असते. माय मात्र कंपाउंडरकडं वळली. "पळू कुठं द्यायचं, त्ये बी इचारा की साहेबाला."

कंपाउंडरने काही विचारलं नाही. तोवर पुढचा रोगी आत आला होता.

आम्ही बाहेर आलो. बैलांना वैरण टाकायची होती, ऊन उतरेपर्यंत निघता येत नव्हतं. बा थोडा वेळ जुवाला टेकून उभा राहिला. मग आमच्याकडं न बघताच म्हणाला, "कापसाच्या गाड्या घेऊन येत्यात ती माणसं सांगत्यात, छावणीकडं सरकारी बाग हाय म्हणून. बघून येऊ. तवर बैलं दम खातील."

त्याआधी बाग म्हटली की मला पेरूची बाग नाहीतर मोसंबीची बाग ठाऊक. म्हणजे जिथं रखवालदार असतो आणि हात लावला तर फटके मिळतात ती जागा. इथं लोखंडी फाटक उघडं होतं आणि कुणी अडवत नव्हतं. आत तांबड्या मुरमाची वाट आणि वाटेच्या दोन्ही अंगांना कर्दळ, झेंडू, गुलाब, सगळं ओळीत लावलेलं. माय वाटेतच उभी राहिली. "येवढी फुलं," ती म्हणाली, "आन् देव कुठं हाय?"

देऊळ कुठंच नव्हतं. फुलं कुणी तोडतही नव्हतं. ती झाडावर लागायची आणि झाडावरच राहायची. मला आधी हे खरं वाटेना. मी जपून एका गुलाबाजवळ गेले आणि हात मागं बांधून त्याचा वास घेतला. कुणी ओरडलं नाही. मग दुसऱ्याचा घेतला, मग सगळ्या ओळीचा घेतला. नाकाला परागाचा धुरळा लागला तरी मी थांबले नाही. बाने बघितलं आणि चक्क हसला.

पुढं वळलो आणि तिघंही जागच्या जागी थांबलो. मधोमध दगडी गोल हौद होता, आणि हौदातून पाणी वर उडत होतं. पाणी खाली पडतं हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. हे वर चाललं होतं. माणसाच्या दुप्पट उंच जात होतं, वर गेल्यावर फुटत होतं आणि त्याचे थेंब उन्हात पांढरे होऊन खाली येत होते. ना दोर, ना मोट, ना बैल, ना हाकणारा. मी हाताला चिमटा घेतला, खोटं सांगत नाही. अजूनही ते पाणी मला पहिल्यांदा दिसलं तसंच आठवतं, आणि पुढं मोठमोठी धरणं बघितली तरी तसं काही झालं नाही.

माझ्यापेक्षा बाची दशा पाहण्यासारखी होती. त्याची उभी हयात मोट हाकण्यात गेली होती. पाणी वर आणायला काय लागतं ते त्याच्या खांद्याला ठाऊक होतं. हौदाभोवती तो एक फेरी मारून आला, दगडाला हात लावला, खाली वाकून बघितलं. "बैलं कुठं तरी असणार," तो म्हणाला. "बैलाबिगर पाणी हलत न्हाई. म्या बघून येतो." आणि खरोखरच तो बागेच्या मागच्या अंगाला बैल शोधायला निघून गेला.

हौदापासून चांगली लांब जागा बघून माय थांबली. तिथं एक लोखंडी बाक होता, पण बाक साहेबलोकांचा असणार म्हणून ती त्यावर बसली नाही. बाकाच्या पुढं सगळं हिरवंगार पसरलेलं होतं. मी त्यात पाय घालणार तोच तिने मला दंडाला धरून ओढलं. "पिकात पाय घालती व्हय? कुणाचं रान हाय कुणाला ठाव." दुसऱ्याच्या उभ्या पिकात पाय घालायचा नाही, हे आम्हाला बोलायला यायच्या आधी शिकवलेलं. म्हणून आम्ही वाटेच्या कडेला, बाकाला टेकून बसलो. तिने काठाचं टोक मनगटावरून सोडलं, बाकाच्या पायाला पक्की गाठ मारली आणि फडक्यातली भाकरी सोडली. ठेचा होता, कांदा होता. आम्ही खाल्लं. खाताना माझी नजर त्या उडत्या पाण्यावर आणि धाकट्याचीही तिकडंच.

भाकरी संपली तशी मायची नजर त्या हिरव्या पिकाकडं गेली. ती जरा वाकली. मग आणखी वाकली.

"अगं माय," ती म्हणाली, "ही तर समदी हरळी हाय."

तिला त्या रानाच्या मालकाची कीव आली. एवढं चांगलं काळंभोर रान, पाण्याखालचं, आणि हरळीने पार खाऊन टाकलेलं. रिकामं बसणं तिला कधी जमलंच नव्हतं. बसल्या जागी कुणाचं भलं होत असेल तर होऊ दे, असा विचार तिने केला असणार. कडेची हरळी ती उपटायला लागली. खुरपं नव्हतं तर बोटांनी. मुळीसकट, पेर न तोडता, झटकून मातीही काढत. बघता बघता तिच्या बाजूला नीट ढीग झाला आणि ती हळूहळू पुढं सरकत गेली. मी पण लागले. आम्हा दोघींना हे काम झोपेतही आलं असतं.

तेवढ्यात झारी हातात घेतलेला एक म्हातारा आमच्याकडं धावत आला. पांढरी दाढी, डोक्याला फडकं. बागेचं काम बघणारा तो. ढीग बघून त्याने झारी खालीच टाकली.

"ये क्या कर रए अम्मा? इसको उखाडो नक्को. मैं लगाया इसको."

मायला वाटलं, त्याला कळलं नाही. तिने एक काडी वर धरून दाखवली. "हरळी हाय ही, चाचा."

"हौ. हरळीच है."

"हरळी लावली तुमी? आपल्या हातानं?"

"लगाया. पानी देतूं रोज."

मायने एकदा काडीकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं. "खायाला काय येतं हिच्यातून?"

"कुछ नै."

"मंग बैलासाठी?"

"बैल को तो अंदर आने नै देते."

"मंग काहून लावली?"

म्हाताऱ्याचा राग तोवर उतरला होता. असला प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नसावा. त्याने जरा विचार केला. "बच्चे दौडते, अम्मा," तो म्हणाला. "दौडते-दौडते गिरते. इसपे गिरे तो लगता नै."

मायने हातातली काडी हळूच ढिगावर ठेवली. चांगलं रान, वर रोजचं पाणी, आणि त्यात काही पिकवायचं नाही. का, तर लेकरं पडली तर त्यांना लागू नये. आमच्या रानात लेकरू पडलं तर खाली ज्वारीची धसकटं, नाहीतर भेगाळलेली ढेकळं, नाहीतर काटे. कुठल्याही आईच्या मनात असं रान यायचं नाही, आणि इथं ते सरकारने करून ठेवलं होतं. मला तेव्हा हे सगळं शब्दांत कळलं नाही, पण मायचं तोंड बघून मीही उपटायचं थांबले.

मग तिला आठवलं की आपली पाठ पोराकडं आहे.

ती वळली. बाकाची गाठ जशीच्या तशी होती. काठही होता. कमरेचा वेढा तसाच गोल जमिनीवर पडला होता आणि त्यात पोरगं नव्हतं. कमरेवरून खाली सरकवून त्याने त्यातून पाय काढून घेतले होते. मला वाटतं, त्याला ते केव्हापासूनच येत असणार. घरी सुटून जायचं कुठं, म्हणून केलं नसणार.

  माय हौदाकडं धावली, आणि मी तिच्या मागं. त्या धावण्यात आम्ही पिकात पाय घातला की काय, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

हौदाच्या पलीकडून बा येत होता. त्याने पोराला आमच्या आधी बघितलं होतं. त्याने हात वर केला. "थांब," तो मायला म्हणाला. "म्या हाय हितं हौदापाशी. थांब आन् बघ."

धाकटा हिरवळीवर पळत होता. ते काटकुळे पाय इकडं तिकडं पडत होते, पण पळत होता. तोंड उडत्या पाण्याकडं, हात वर. आणि मग जो पडला तो तोंडावरच पडला. माय जिथं होती तिथंच खिळली. आम्ही रडण्याची वाट बघत राहिलो. पोराने मान वर केली, हरळीची दोन पानं तोडून तोंडात घातली, थुंकली आणि उठलं. पुन्हा पळालं आणि पुन्हा पडलं. मग तर ते पडण्यासाठीच पळायला लागलं. पडायचं, खदखदून हसायचं, उठायचं. एवढं मोठ्याने हसणारं लेकरू आमच्या घरात आहे हे मला त्या दिवशी कळलं.

मायने मग एक वेड्यासारखं काम केलं. ती गुडघ्यांवर बसली आणि हाताचा पंजा जोरात हिरवळीवर आपटला. आणखी एकदा आपटला. म्हातारा खरं बोलतोय का, ते बघत होती. मग तिने दोन्ही तळहात तिथंच टेकून ठेवले आणि पोराकडं बघत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते तिने पुसलंही नाही.

बा तिच्याजवळ येऊन उभा राहिला. पोराबद्दल बोलायचं त्याला सुचलं नसावं, म्हणून म्हणाला, "बैलं हाईत. म्या म्हणलं नव्हतं? मागं मोट हाय. सकाळी उंचावरली टाकी भरून ठेवत्यात." हौदाकडं वळून तो पुढं म्हणाला, "पर टाकीतून हितवर येऊन वर उडायला त्या पाण्याला कोण सांगतं, त्ये मला उमजलं न्हाई."

ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथंच होतो. निघताना माय म्हाताऱ्याकडं गेली आणि तिने उपटलेल्या ढिगाकडं बोट केलं. "ही मी न्यू का?" म्हातारा म्हणाला, ले जाओ. तिने बाकाची गाठ सोडली आणि त्याच तांबड्या काठाने हरळीची पेंढी बांधली.

बाने गाडीत ती पेंढी बघितली आणि कासरा हातातच राहिला. "हरळी? घरी? डोस्कं ठिकाणावर हाय का?"

"हीर तर बुजवता येत न्हाई ना तुमाला," माय म्हणाली. "मंग येवढं तरी करू द्या."

बाने गाडी हाकली. धाकटा माझ्या मांडीवर गाढ झोपला होता आणि गाडी कयाधूच्या पाण्यात उतरली तरी उठला नाही.

दुसऱ्या दिवशी मायने अंगणातली माती खुरप्याने भुसभुशीत केली आणि पेर न पेर ओळीने लावलं. ज्या खुरप्याने जन्मभर काढली त्याच खुरप्याने. गाव लोटलं बघायला. बाया पदरात तोंड घालून हसल्या, बापयांनी बाला चावडीवर पुरतं सोलून काढलं. आणि सांगायचं म्हणजे, काठ धुऊन वाळल्यावर माय पोराला पुन्हा बांधायला लागली. मला तिचा एवढा राग आला की मी दोन दिवस तिच्या हातचं जेवले नाही. बागेतलं बागेत राहिलं, असं मला वाटलं.

त्यात हरळी पण सुकायला लागली. एरवी दगडावर जगते ती, पण मार्गशीर्षात पाऊस कुठला. माय भांडी धुतलेलं पाणी टाकायची, ते पुरायचं नाही. एका संध्याकाळी बा मोट सोडून घरी आला तो खांद्यावर भरली घागर घेऊन. त्याने ती हरळीवर ओतली. रोज ओतायला लागला. समोरच्या ओट्यावरून एकाने हटकलं, "काय हो, हरळीला पाणी पाजून राहिले?"

"व्हय," बा म्हणाला. "पीक हाय माझं."

शिमग्यापर्यंत अंगणात दोन बाजा मावतील एवढा हिरवा तुकडा झाला. एका पहाटे मला जाग आली, आणि खांबाला धाकटा नव्हता. काठ घडी घालून खुंटीवर ठेवला होता. मी बाहेर आले. उजाडत होतं. बा त्या दिवशी सकाळीच घागर घेऊन आला होता. धाकटा अंगणात पळत होता. आत माय दळत होती.

पळता पळता पोराचा पाय मुडपला आणि ते हरळीवर धाडकन पडलं. आवाज चांगला मोठा झाला. मी आणि बा, दोघांनीही पोराकडं बघितलं नाही. आम्ही दाराकडं बघितलं.

जातं फिरत राहिलं. बाने घागरीतलं उरलेलं पाणी हरळीच्या कडेला ओतलं आणि बैल सोडायला गेला.